आज साधंच आहे

मी एक जुना कुकर आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्ट सांगता सांगता मी मध्येच घाबरलो तर तुम्हाला नवल वाटायला नको. काळजीतून सुटका झाली की माणसं म्हणतात, "जीव भांड्यात पडला." मी तर स्वतःच भांडं! माझा जीव पडणार तरी कुठे? म्हणून तो कायम टांगणीला लागलेला असतो.

त्याला कारण माझा जन्म. कारखान्यात ॲल्युमिनियमच्या एका गोल पत्र्याला दाबून दाबून मला आकार दिला गेला. मग माझ्यात हवा भरून मला पाण्याच्या हौदात बुडवलं. तपासणारे काका डोळे बारीक करून बघत होते. ज्याच्या अंगातून बुडबुडा निघेल, त्याची रवानगी थेट बाजूच्या ढिगात. माझ्या शेजाऱ्यातून बुडबुडा निघाला. माझ्यातून नाही निघाला, पण त्या दिवसापासून आपल्यातून कुठून तरी काहीतरी निसटेल, अशी धास्ती माझ्या मनात बसली ती बसलीच.

मला विकत घेतलं ते एका मटणाच्या दुकानदाराने. मी त्यांना मालक म्हणतो. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एक जाड पडदा, असं त्यांचं घर. मालकीणबाई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला जायच्या, त्यामुळे दुपारचा स्वयंपाक मालकांकडे असायचा. माझ्या पोटात काय शिजायचं, हे वेगळं सांगायला नको. दुकान मटणाचं, तर घर कशाचं असणार? मालक पडदा सरकवून गिऱ्हाइकांना मला दाखवायचे आणि म्हणायचे, "या पठ्ठ्यात दगड घाला, तोसुद्धा मऊ होईल." ते ऐकून माझी छाती फुगायची. आणि लगेच धास्ती वाटायची, की एखाद्या दिवशी हे खरंच दगड घालतील.

त्या दुकानात एक रीतच पडून गेली होती. मटण बांधून घेता घेता गिऱ्हाईक विचारायचं, "काय हो, आज घरी काय?" मग मालक ऐटीत सांगायचे, मांडीचं आहे, बरगडीचं आहे, कलेजी आहे. पण ज्या दिवशी सगळा माल खपून जायचा आणि घरासाठी काहीच उरायचं नाही, त्या दिवशी ते हसून म्हणायचे, "आज साधंच आहे!" साधं म्हणजे भात, उकडलेला बटाटा आणि घाईघाईत शिजवलेलं डाळीचं पाणी. साधं जेवण ही त्या घरात धंदा चांगला झाल्याची खूण होती. सगळे खुशीत असायचे, पण ताटाकडे कोणी बघायचं नाही.

मालकांना एकच मुलगी. तिला सगळे टिटवी म्हणायचे. लहानपणी रडायला लागली की अख्खी गल्ली जागी व्हायची, म्हणून. मोठी झाल्यावर पाय लांब झाले आणि नाव आणखीनच शोभायला लागलं. शाळेच्या धावण्याच्या संघात ती होती. टिटवी पक्षी म्हणे पाय वर करून झोपतो, आभाळ कोसळलं तर पेलता यावं म्हणून. आमची टिटवी तशी अजिबात नव्हती. आभाळाची काळजी करायला घरात मी होतो.

एके दिवशी जेवताना तिने वाटी पुढे सरकवली.

"मला नको."

"बरं वाटत नाही का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"बरं वाटतंय. पण मटण नको. आज नाही, उद्याही नाही. मला खावंसंच वाटत नाही, बाबा."

मालकांच्या हातातली पळी तशीच राहिली. "दुकानाची लाज वाटते का?"

"नाही हो. दुकानावर माझा मुळीच राग नाही. मला फक्त खायचं नाही."

मालकांनी पळी खाली ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण अशक्त दिसलीस तर मी ऐकणार नाही. मग हा हट्ट सोडायचा आणि धावणंही बंद. खाटकाच्या घरातलं पोर उपाशी दिसलं, तर मी दुकानात बसू कुठल्या तोंडाने?"

टिटवी "हो" म्हणाली. माझी मात्र पाचावर धारण बसली. कारण मला ताट दिसत होतं. ताटातून मटण गेलं होतं आणि त्या जागी काहीच आलं नव्हतं.

मित्रांनो, चूक इथेच झाली, आणि ती कोणा एकाची नव्हती. मालकांना वाटलं, तिच्यासाठी साधं तर रोज शिजतंच. मालकीणबाईंना वाटलं, पोरगी भात तर खाते. टिटवीला वाटलं, मटण सोडलं म्हणजे काम झालं. ती पाव खायची, बटाटा खायची, भूक लागली की बिस्किटं खायची. आणि जेवण संपतं न संपतं तोच कपभर कडक चहा, ही तर त्या घराची जुनी सवय. पोट भरत होतं. अंगाला मात्र काही लागत नव्हतं.

मी घाबरट आहे म्हणून मला बारीकसारीक गोष्टी लवकर दिसतात. टिटवी माझ्यासाठी तांदूळ धुवायला घ्यायची, तेव्हा चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. पुढे चिमटीची मूठ झाली. कोणी बघत नाही ना, असं बघून ती ते कुडूमकुडूम चावायची. मग ती ओट्याला हात टेकून उभी राहायला लागली. "धावून आले ना, म्हणून दम लागलाय," असं ती आईला म्हणाली. पण त्या दिवशी ती धावायला गेलीच नव्हती. तिचे बूट सकाळपासून दाराशी तसेच पडलेले मला दिसत होते. मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मला येते ती फक्त शिट्टी, आणि ती ऐकून लोक गॅस बारीक करतात.

मालकांनाही ते दिसत होतंच. बापच तो. एका दुपारी दुकानाचं फळकूट लावून ते आत आले. त्यांनी माझ्यात हाडं उकळली, पाणी गाळून बाजूला ठेवलं, आणि मला वरवर विसळून त्याच पाण्यात मसूर शिजत घातले. संध्याकाळी टिटवी दोन वाट्या डाळ प्यायली.

"बाबा, आज डाळीला काय चव आलीय!"

मालक नळाशी हात धूत होते. हात केव्हाच धुऊन झाले होते, तरी ते धूतच राहिले.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. एकीकडे मला वाटायचं, पोरीच्या पोटात चार घास जास्त जातायत, जाऊ देत. दुसरीकडे माझा पत्रा थंड पडायचा. गोष्ट दाबून ठेवली की एक दिवस ती बाहेर येतेच, हे माझ्याइतकं आणखी कोणाला ठाऊक? मी रोज त्या दिवसाची वाट बघत होतो. आणि तो दिवस आला तो माझ्याच झाकणातून आला.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. गॅसवर मी होतो, पोटात मसूर होते. मालक पुढे गिऱ्हाइकात अडकले होते. टिटवी आत आली, पाणी प्यायली, आणि माझ्याकडे बघत राहिली. शिट्टी होत नव्हती. कशी होणार? हाडं उकळताना उडालेली एक बारीक कपची माझ्या झाकणाच्या नळीत, जिच्यावर शिट्टी बसते त्या नळीत, घट्ट रुतून बसली होती. वाफेला वाटच नव्हती. आत दाब वाढत होता. आणि पोरगी वाकून, कान देऊन ऐकत होती की हा गप्प का!

मित्रांनो, जन्मभर ज्याला भ्यालो तो क्षण हाच. मी मनात म्हणत होतो, लांब हो गं, लांब हो. ती गॅस बंद करायला बाजूला वळली आणि त्याच वेळी माझा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. असा आवाज झाला की पडदा हलला. मसुराची डाळ छतावर गेली, घड्याळावर गेली, कॅलेंडरवर गेली. टिटवीवर एक थेंब पडला नाही. सुरी तशीच टाकून मालक धावत आले. "टिटवे! टिटवे! बघू हात, बघू तोंड!"

मी गार झाल्यावर टिटवीने माझं झाकण उचललं. केरसुणीची काडी घेऊन तिने नळीत घातली आणि ढकलली. पांढरी कपची तिच्या तळहातावर पडली. ते काय आहे, हे तिला कोणी सांगायला नको होतं. दुकानाच्या मागेच लहानाची मोठी झालेली पोर ती.

"बाबा," ती म्हणाली, "डाळीला हाड असतं का?"

मालक फडकं घेऊन घड्याळावरची डाळ पुसायला लागले.

माझी जागा मग ओट्याखाली गेली. माझ्यात कांदे भरून ठेवले. त्याचं मला दुःख नव्हतं. माझं लक्ष टिटवीकडे होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने तर ताकच सोडलं! घरात शिजलेल्या कशालाही ती हात लावेना. जे स्वतःला सोलता येईल तेच खायची. केळं, संत्रं, नाहीतर बाहेरून आणलेला पाव. मालकीणबाई काकुळतीला येऊन म्हणायच्या, "अगं, माझ्या हातचं आहे हे, शप्पथ." टिटवी म्हणायची, "भांडी तीच आहेत ना, आई?" बापाशी तर ती बोलतच नव्हती. मालक गिऱ्हाइकांशी हसून बोलायचे आणि पडदा ओलांडून आत आले की स्टुलावर नुसते बसून राहायचे. ओट्याखालून मला त्यांची पावलं तेवढी दिसायची.

शेवटी व्हायचं तेच झालं. धावता धावता टिटवी मैदानात चक्कर येऊन पडली. खेळाच्या बाई तिला गाडीतून घरी घेऊन आल्या. मालकांनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि तिला घेऊन ते दवाखान्यात गेले. ते परत येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला, ते माझ्या पोटातल्या कांद्यांना विचारा.

संध्याकाळी टिटवी खाटेवर पडली होती आणि मालकीणबाई विचारत होत्या, "काय म्हणाल्या डॉक्टरबाई?"

"रक्त कमी आहे. गोळ्या दिल्यात. मी म्हटलं, बाई, तिला मटण खायला सांगा. तर त्या म्हणाल्या, मटण न खाता माणूस ठणठणीत राहू शकतो. तुम्ही मटण काढलंत, ठीक. त्या जागी काय ठेवलंत? मी म्हटलं, जेवते ना, साधंच जेवते. तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, साधं म्हणजे काय?"

"मग?"

"मग काय? मला सांगताच येईना. मटणाचं विचारलं असतं तर बसल्या बसल्या मांडी, बरगडी अशा दहा जागा सांगितल्या असत्या, कुठली किती शिजते तेही सांगितलं असतं. पण माझी पोर रोज काय खाते, ते मला माहीत नाही गं. साधं म्हणजे काहीच नाही. काहीच देत नव्हतो आपण तिला." मालकांनी गोळ्यांची पुडी ओट्यावर ठेवली. "आणि हाडांच्या पाण्याचंही विचारलं मी. त्यातून रक्ताला फारसं काही मिळत नाही म्हणाल्या. म्हणजे पोरीला फसवलं आणि तेही फुकट."

खाटेवरून बारीक आवाज आला. कितीतरी दिवसांनी ती बापाशी बोलत होती. "चहाचं सांगायचं राहिलं, बाबा."

"हो. जेवणाला लागून चहा नाही. मध्ये तासभर तरी जाऊ द्यायचा. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलं तर उलट जास्त लागतं. रोज काहीतरी कडधान्य, पालेभाजी, शेंगदाणे, तीळ. दही-दूध चालू ठेवायचं. एक जीवनसत्त्व म्हणे झाडपाल्यातून मिळतच नाही. दूध, दही, अंडी काहीच खाल्लं नाही तर त्याची गोळी घ्यावी लागते. आणि रक्त कमी झालं की कच्चे तांदूळ खावेसे वाटतात म्हणे, तसं खाते का, असंही विचारलं त्यांनी."

"खाते का?" मालकीणबाई दचकून म्हणाल्या.

टिटवीने तोंड भिंतीकडे वळवलं. पण मला वाटलं, चला, कोणीतरी एकदाचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला ओट्याखालून ओढलं. कांदे घरंगळत गेले. मी म्हटलं, आला भंगारवाला! पण ते मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुरुस्तीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "कशाला खर्च करताय? नवाच घ्या की."

"नवा घेतला तर तिला वाटेल, जुनं लपवलं," मालक म्हणाले.

नवी रिंग बसली, नवा व्हॉल्व्ह बसला. घरी आणून त्यांनी मला घासलं, लिंबाच्या साली घालून उकळलं, पुन्हा घासलं. मग हात पुसून ते मला घेऊन टिटवीच्या खाटेसमोर बसले.

"हा कुकर आजपासून तुझा. माझं काही यात शिजणार नाही. चुकलं माझं, टिटवे. तू रोज बारीक होत होतीस आणि मी घाबरलो. घाबरून खोटं वागलो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात भित्रा मी एकटाच.

टिटवी उठून बसली. तिने माझं झाकण घेतलं, खिडकीशी नेलं, उजेडाला धरलं आणि एक डोळा मिटून नळीतून पलीकडे बघितलं. "स्वच्छ आहे," ती म्हणाली. "पण मी रोज बघणार."

"बघ. रोज बघ."

मग मालकांची नवी शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी वाण्याकडे जाऊन त्यांनी विचारलं, "राजमा कोवळा आहे की जून?" वाणी पोट धरून हसला. मग म्हणाला, विचारताय ते बरोबरच आहे, वर्षानुवर्षं पडून राहिलेला राजमा शिजता शिजत नाही. मालकांनी चांगला बघून आणला आणि न भिजवताच माझ्यात घातला. मी शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या, घामाघूम झालो, पण दाणे छर्र्यांसारखे ते छर्र्यांसारखेच. दगड मऊ करणाऱ्या पठ्ठ्याची डाळ काही शिजेना! अर्धवट शिजलेला राजमा पोटाला बाधतो, म्हणून तो सगळा टाकून द्यावा लागला. टिटवी तोंडावर हात ठेवून हसली. त्या घरात कोणी हसलेलं मी किती दिवसांनी ऐकत होतो.

आदल्या संध्याकाळी भिजत घालायचं, हे मग मालक शिकले. हरभऱ्याला किती वेळ, चवळीला किती, मसूर किती लवकर होतात, हे ते गिऱ्हाइकाला मटणाची जागा समजावून सांगावी तसे मालकीणबाईंना समजावू लागले. चहा जेवणापासून लांब गेला. तरी काळजी काही सरली नव्हती. मालकीणबाई दर सुट्टीच्या दिवशी टिटवीचं मनगट आपल्या बोटांच्या वेढ्यात धरून बघायच्या. पुन्हा रक्त तपासायचं होतं आणि त्यावर तिचं धावणं ठरणार होतं. तोवर काळजीने माझ्या शिट्टीचा आवाजही घोगरा झाला होता.

पण तपासणीच्या आधीच मला एक गोष्ट दिसली. टिटवी तांदूळ धूत होती. धुतले, निथळले, माझ्यात घातले, पाणी ओतलं. हात एकदाही तोंडाकडे गेला नाही. डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं, रक्त वाढतंय, अजून थोडं वाढायला हवं, पण हळूहळू धावायला हरकत नाही. घरातले सगळे त्या दिवशी आनंदले. मी आधीच आनंदलो होतो, पण सांगणार कोणाला?

आता शेवटचं सांगतो. एका सकाळी ओट्यावर भिजवलेली चवळी माझ्यात घालून मालक पुढे दुकानात गेले होते. टिटवी बुटांची नाडी बांधून आत आली. पडद्यापलीकडून एका गिऱ्हाइकाने नेहमीसारखं विचारलं, "काय हो, आज घरी काय?"

सुरीचा आवाज थांबला. टिटवी माझं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. माझ्या पत्र्यावर काटा आला. आता ते "साधंच" म्हणणार, आणि इतकं सगळं करून मुसळ केरात जाणार.

"चवळी," मालक म्हणाले.

"म्हणजे साधंच की!"

"साधं कसलं? कालपासून भिजत घातलीय. पालेभाजी आहे, वरून लिंबू आहे. माझ्या पोरीचं जेवण आहे ते."

टिटवीने झाकण खिडकीशी नेलं नाही. सरळ माझ्यावर लावलं आणि वर शिट्टी ठेवली. मी हादरलो. अगं, बघ तरी! नळी रोज बघायची असते! तेवढ्यात मालक हात धुऊन आत आले.

"बघितलंस का?"

"तुम्ही केलंय ना, बाबा? मग काय बघायचं?"

ती धावायला निघून गेली. मालकांनी शिट्टी उचलली, माझं झाकण काढलं, उजेडाला धरलं आणि नळीतून बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. ते भोक काही इतका वेळ बघण्याएवढं मोठं नाही, मित्रांनो. मग बाहीने डोळे पुसून त्यांनी झाकण नीट लावलं. त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला.

म्हणून तुम्हाला हात जोडून दोनच गोष्टी सांगतो. माझं झाकण लावण्याआधी नळी उजेडाला धरून बघत जा, माणसावर कितीही विश्वास असला तरी. आणि तुमच्या घरी कोणी ताटातून काही काढलं, तर त्या जागी काय ठेवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा. मग कोणी विचारलं, आज घरी काय, तर "साधंच" म्हणू नका. जे शिजलंय त्याचं नाव सांगा.